ट्रंकेवरचा आळ

पत्र

सप्रेम नमस्कार ताई,

मी सांगली जिल्ह्यातल्या एका केंद्रशाळेत शिकवते. आमच्या केंद्रातल्या पाच शाळांनी वर्गणी काढून काही वर्षांपूर्वी वेषभूषेचं सामान घेतलं. फेटे, दोन जिरेटोप, केसांचे दोन टोप, मुकुट, दाढीमिशा, परकर-पोलकी, नऊवारी, धोतरं, लाकडी तलवारी. सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत असतं. यंदा ती ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला पहिल्यांदा उघडली, मग २६ जानेवारीला. २८ तारखेला तिसरीतल्या एका मुलीची आई आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "तुमच्या ट्रंकेतनं माझ्या पोरीच्या डोक्यात उवा आल्या." तिनं वेणी सोडून दाखवली. कानामागे लिखा होत्या, काही तर मुळापासून चांगल्या बोटभर खाली.

आता मुख्याध्यापक म्हणतात, ट्रंकेत औषध फवारून टाका. एक सहकारी म्हणतात, सामान मोडीत काढा आणि भाड्यानं ड्रेपरी आणा. आणखी एका बाईंचं म्हणणं, ऊसतोडीच्या पालावरून येणाऱ्या मुलींना ट्रंकेतलं काही द्यायचंच नाही, कारण "हे त्यांच्याकडूनच येतं." त्यातली एक मुलगी लेझमीत आमची सगळ्यात पुढची. १९ फेब्रुवारीला शिवजयंती आहे. मी काय करू?

— एक शिक्षिका

उत्तर

बाई, नमस्कार.

तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा शब्द "बोटभर" हा आहे. तिथूनच सुरुवात करते.

ऊ आपली लीख केसाला चिकटवते ती अगदी मुळाशी, कातडीपासून पाव इंचाच्या आत. टाळूची ऊब मिळाल्याशिवाय ती उबत नाही. एकदा चिकटली की जागची हलत नाही. केस वाढतो तशी त्याच्याबरोबर खाली सरकत जाते. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे बोटभर, बोटाच्या रुंदीएवढी म्हणजे दीड-दोन सेंटिमीटर, खाली दिसलेली लीख दीड-दोन महिन्यांपूर्वी घातलेली आहे. डिसेंबरच्या सुरुवातीची म्हणा, किंवा त्याआधीची. आणि तुमची ट्रंक उघडली ३ जानेवारीला.

दुसरी गोष्ट खाजेची. उवा पहिल्यांदाच झाल्या असतील तर खाज लगेच सुटत नाही. उवेच्या लाळेची अंगाला ॲलर्जी यायला चार ते सहा आठवडे जातात. त्यामुळे २६ तारखेला फेटा बांधला आणि २८ तारखेला पोरगी डोकं खाजवू लागली, हा हिशेब जुळत नाही. त्या मुलीच्या डोक्यात उवा होत्याच. ट्रंकेचं नाव घेतलं गेलं, कारण ती नुकतीच उघडली होती आणि सगळ्यांना दिसत होती. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

हा हिशेब तुमच्या मनाच्या शांतीसाठी सांगितला आहे. तो घेऊन त्या आईच्या दारात जाऊ नका. तिला चारचौघांत खोटं पाडून तुमच्या हाती काही लागणार नाही. तिला एवढंच सांगा, "ट्रंक आम्ही साफ करतोय, तुम्ही तिचं डोकं बघा, आणि दोन आठवड्यांनी दोघी मिळून परत बघू."

आता ट्रंकेकडे. मी बरीच वर्षं एका हौशी बालनाट्य मंडळीचा कपडेपट सांभाळत होते, त्यामुळे उवांशी माझी ओळख जुनी आहे. एकदा जिरेटोप उलटा करून वर्तमानपत्रावर झटकला तर एक ऊ पडली. तिळाएवढी, राखी. मी चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. ती कागदावर धड चालतही नव्हती. दोन पावलं टाकायची आणि एका बाजूला कलायची. तिच्या पायांना आकडे असतात, ते केसाला विळखा घालण्यासाठी. गुळगुळीत जागेवर ते निरुपयोगी. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, नुसती चालते, आणि चालते ती केसावरून केसावर. म्हणून तिचा हमरस्ता म्हणजे डोक्याला डोकं लागणं. टोपी, फेटा, कंगवा यांतून ती जाऊ शकते, पण ती आडवाट आहे.

डोक्यावरून खाली पडलेल्या उवेला रक्त मिळालं नाही की ती एक-दोन दिवसांत मरते. लिखेलाही टाळूची ऊब लागते. ती सुटून पडली तर आठवड्याभरात निकामी होते, आणि त्यातून एखादं पिल्लू निघालंच तर त्याला प्यायला रक्त नसतं. तेव्हा ट्रंकेतल्या उवा मारायला तुम्हाला काहीही विकत आणायचं नाही. वेळ जाऊ द्यायचा. सावधगिरी म्हणून सगळीकडे दोन आठवडे सांगतात, तेवढे धरा. तुमच्याच तारखा बघा: ३ ते २६ जानेवारी २३ दिवस, २६ जानेवारी ते शिवजयंती २४ दिवस. पहिल्या आणि दुसऱ्या कार्यक्रमात अडकलेली ऊ तिसऱ्यापर्यंत तग धरूच शकत नाही. अट एकच, मध्ये कुणी ट्रंक उघडून तालमीला टोप घालू नये. ते होतं, मला माहीत आहे. तालमीला खरा जिरेटोप दिला नाही तर शिवाजीमहाराजांना संवाद आठवत नाहीत.

धुता येणार नाही त्या प्रत्येक वस्तूला स्वतंत्र पिशवी करा. आधी एक दुपार उन्हात, मुलांचा हात लागणार नाही अशा दोरीवर, पूर्ण सुकवा. ओलसर बांधलंत तर उवा मरतील आणि बुरशी जन्माला येईल. मग जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड आवळा आणि वर चिठ्ठी लावा: "बांधली अमुक तारखेला, सोडायची त्यानंतर चौदा दिवसांनी." साखरेच्या पोत्यातलं आतलं प्लास्टिक तुमच्या भागात सहज मिळेल. खताची किंवा बियाण्याची पिशवी मात्र चुकूनही वापरू नका, कितीही धुतलेली असली तरी.

धुता येईल ते गरम पाण्यात. थंड पाण्यात कपडा बुचकळून ऊ बुडून मरेल या भ्रमात राहू नका. ती पाण्याखाली काही तास निभावून नेते. तिला उष्णता सोसत नाही. पाणी ५५ अंशांच्या वर हवं, म्हणजे हात घालवणार नाही इतकं. घंगाळात निम्मं उकळतं आणि निम्मं नळाचं पाणी ओतलंत की साधारण तेवढं होतं. त्यात फेटे, धोतरं, सुती पोलकी काठीनं दाबायची, वर झाकण ठेवायचं, दहा मिनिटं विसरायचं. मग नेहमीसारखा साबण. हे काम मोठ्यांनी करायचं, सातवीच्या मुलींवर सोपवायचं नाही. वाळल्यावर सुती कपड्यांवर कडक इस्त्री फिरवा, गळपट्टी आणि शिवणींवर जरा रेंगाळून.

टोप मात्र गरम पाण्यात घालू नका. मी घातला आहे. नारदाचा होता, नायलॉनच्या केसांचा, प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी. मला त्याच्या केसात उवा दिसल्याचा भास झाला आणि मी तो बंबातल्या कढत पाण्यात बुडवला. बाहेर काढला तेव्हा हातात नारळाची शेंडी होती. दुसऱ्या दिवशी नारद उपरणं गुंडाळून आले आणि नाटकभर पडसं झाल्यासारखे दिसत राहिले. टोप, गंगावन, पिसांचे तुरे, पुठ्ठ्याचे मुकुट, मखमलीचे जिरेटोप हे सगळं पिशवीच्या खात्यात. टोप आधी बारीक फणीनं विंचरून घ्या. मुकुटांच्या आणि जिरेटोपांच्या आतल्या पट्टीवरून साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं फिरवा. तलवारी, लेझीम, घुंगरू यांच्यावर ऊ राहत नाही. घाम पुसून ठेवलात की झालं. बासरी तोंडाला लावायची नाही, नुसती धरायची, हे कृष्णाला बजावून सांगा.

फवारणीला माझा ठाम नकार आहे. झुरळाचा फवारा जिरेटोपात मारला तर ती रसायनं पोराच्या कपाळावर घामाबरोबर उतरतात, आणि ती कशासाठी? जी ऊ परवा आपोआप मरणार होती तिच्यासाठी. डांबराच्या गोळ्यांचंही तसंच. कसरीसाठी त्या ट्रंकेत टाकतात हे मला माहीत आहे, पण उवांसाठी त्यांची गरज नाही आणि त्यांतल्या नॅफ्थॅलिनचा एक धोका आहे. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाच्या वितंचकाची, म्हणजे एन्झाइमची, जन्मजात कमतरता असते. ती वरून दिसत नाही. अशा मुलांच्या तांबड्या पेशी नॅफ्थॅलिननं फुटू शकतात. तुमच्या ट्रंकेत आधीच गोळ्या असतील तर काढून टाका, कपडे धुवा आणि दोन दिवस वाऱ्यावर टाका.

खरं सांगायचं तर डोक्यावरच्या सामायिक वस्तूंच्या बाबतीत मला उवेपेक्षा नायट्याची काळजी जास्त वाटते. टाळूवर गोल चट्टा पडतो, तिथले केस तुटतात, खपल्या धरतात. ही बुरशी आहे, आणि तिचे बीजाणू टोपीत, फणीत महिनोन्‌महिने टिकतात. तिथे माझी पिशवीची युक्ती चालत नाही. म्हणून जिरेटोप थेट केसांवर ठेवायचाच नाही. जुन्या मलमलच्या धोतराचे चौकोनी रुमाल फाडा, प्रत्येक मुलाला एक, कोपऱ्यावर नाव घाला. आधी रुमाल घट्ट बांधायचा, केस पूर्ण आत, मग त्यावर टोप किंवा मुकुट. रुमाल घरी धुवायला जातो. आमच्याकडे हे सुरू केलं तेव्हा मुकुट घसरेनासे झाले, हा वरचा फायदा. चट्टा असलेलं मूल दिसलं तर त्याला डॉक्टरकडे पाठवा. नायट्याला पोटात घ्यायचं औषध लागतं, नुसत्या मलमानं टाळूचा नायटा जात नाही.

आता उवा पसरण्याची खरी जागा. ट्रंक बाजूला ठेवा आणि तुमच्या रंगपटात काय चाललेलं असतं ते डोळ्यांसमोर आणा. एका वर्गात पंचवीस मुली, एक आरसा, एक कंगवा. तो कंगवा हातोहात पंधरा डोक्यांतून जातो. उरलेल्या मुली जाजमावर एकमेकींच्या मांडीवर डोकं टाकून पडलेल्या. कुणीतरी मोबाईल काढतं आणि सहा डोकी एका चौकटीत मावण्यासाठी गच्च चिकटतात. उवेला याहून सोपी वाट कुठली? तेव्हा घरून येतानाच प्रत्येकीनं वेणी घालून यायचं, सुट्टे केस नाहीत. कंगवा आपापला. काजळाची डबीही एक नको. डोळे आलेल्या एका मुलीमुळे अख्खं लेझीमपथक लाल डोळ्यांनी नाचताना मी पाहिलं आहे.

ज्या मुलींच्या डोक्यात आज उवा आहेत त्यांचं काय? त्यांना घरी बसवू नका. उवा कितीतरी आठवडे आधीपासून असतात, एक दिवस शाळा बुडवून काही साधत नाही. भरपूर तेल लावायचं, केसांचे पदर सोडत बारीक फणी मुळापासून टोकापर्यंत ओढायची आणि दर वेळी पांढऱ्या कागदावर झटकायची. तीन-चार दिवसांच्या अंतरानं, दोन आठवडे. कोंडा बोटानं सरकतो, लीख सरकत नाही, एवढी ओळख पुरे. लवकर उरकायचं असेल तर १ टक्का परमेथ्रिनचं लोशन मिळतं. ते प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून, आणि नऊ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. पहिल्या वेळी लिखा मरतातच असं नाही, त्यांतून निघालेली पिल्लं दुसऱ्या वेळी सापडतात. बहुतेक जण दुसरी वेळ गाळतात आणि मग औषधाला शिव्या देतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हा त्यांच्याकडेही हा विषय काढा. पालकांना मात्र एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगा: डोक्याला रॉकेल नाही, मुंग्यांचा खडू नाही, शेतातलं औषध तर नाहीच. रॉकेल लावलेल्या डोक्यानं चुलीपाशी बसलेल्या मुलीची कल्पना करा.

भाड्याच्या ड्रेपरीबद्दल दोनच वाक्यं. गॅदरिंगच्या हंगामात काल रात्री एका गावच्या स्टेजवर असलेला फेटा आज सकाळी तुमच्याकडे येतो. दोन आठवड्यांची विश्रांती तुम्ही तुमच्या ट्रंकेला देऊ शकता, भाडेवाल्याच्या गाठोड्याला नाही.

आणि पालावरच्या मुली. तुमच्या सहकारी बाईंची भीती कुठून येते ते मला कळतं. कपड्यांतून उवा येतात ही समजूत हवेतून आलेली नाही, फक्त ती दुसऱ्या उवेची आहे. अंगावरची ऊ वेगळी. ती कपड्याच्या शिवणीत राहते, शिवणीतच लिखा घालते आणि रक्त प्यायला तेवढी अंगावर येते. १९०९ साली ट्युनिसमध्ये शार्ल निकोल या फ्रेंच डॉक्टरनं दाखवून दिलं की टायफस ताप याच उवेतून पसरतो. रस्त्यात आणि रुग्णालयाच्या दारापर्यंत लोकांना लागण होत होती; रोग्याला न्हाऊ घालून त्याचे कपडे काढून घेतले की आतल्या वॉर्डात ती थांबत होती. त्या शोधाला १९२८ चं नोबेल मिळालं. तुमच्या मुलींच्या वेणीतली ऊ ती नव्हे. ही रोग पसरवत नाही, कपड्यात संसार मांडत नाही आणि रोज न्हाणाऱ्या डोक्यातही तितक्याच आनंदानं राहते. क्वचित कुणाच्या कपड्याच्या शिवणीत लिखा दिसल्याच, तर ते कपडे कढत पाण्यातून काढून कडक इस्त्री करा, आणि त्या घराला एक जादा जोडी कपडे मिळतील असं बघा.

बोटभर लिखा कुणाच्या डोक्यात होत्या? तुमच्या पत्रावरून तरी पालावरच्या मुलीच्या नाही. ज्यांची तपासणीही झाली नाही त्यांना आधीच शिक्षा कशी देणार? तपासायचं असेल तर सगळ्या वर्गाला तपासा, पटावरच्या क्रमानं, एकेकीला आडोशाला घेऊन, आणि सुरुवात स्वतःच्या डोक्यापासून करा. यात विनोद नाही. मी पहिल्यांदा एका पालक आईला माझ्या डोक्यातून फणी फिरवायला सांगितली होती, आणि तिला दोन सापडल्या.

तुमच्या मुख्याध्यापकांना कागद लागत असेल तर ट्रंकेच्या झाकणाला आतून एक वही बांधा: कुठली वस्तू, कुठल्या शाळेनं, कधी नेली, कधी पिशवीत गेली. पाच शाळा आहेत, तेव्हा सही घ्या. दोन जिरेटोपांवर पाच शाळा एकाच तारखेला हक्क सांगणार हे वेगळं भांडण. त्यावर उपाय म्हणजे पुठ्ठ्याचे आणखी तीन, प्रत्येक शाळेचा स्वतःचा. कार्यानुभवाच्या तासात होतील.

आज पत्र वाचताच ट्रंकेतल्या सगळ्या पिशव्या बांधल्यात तरी शिवजयंतीपर्यंत वेळ जेमतेम आहे, पण २६ तारखेनंतर कुणी हात लावला नसेल तर घाई नाही. सुती कपडे १७ तारखेला गरम पाण्यातून काढा म्हणजे १८ ला इस्त्री होते. लेझमीतल्या त्या मुलीला तिच्या जागी, पुढेच ठेवा. साखर कारखान्याचं गाळप संपून पट्टा पडला की ती मार्चमध्ये निघून जाईल, आणि तुमचा हा तिच्याबरोबरचा शेवटचा कार्यक्रम असेल. तिला डोक्यावर पदर असलेली नऊवारी देणार असाल तर आधी अंबाडा घालून त्यावर रुमाल बांधा, पिना रुमालाला लावा. केसांना लावलेल्या पिना लेझमीच्या तिसऱ्या ठेक्याला सुटतात.